गाडीखालचं मीठ

परवा गॅरेजात कुणाच्या गाडीच्या बुडाला काळा रंग फासत होते. त्या डांबरी वासानं मला उचललं आणि लातुरातल्या आमच्या अंगणात नेऊन आदळलं!

जिल्हा नवा होता, पाऊस बेपत्ता. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, जुनी स्पोर्ट्स कार विटांवर चढवून स्प्रिंगांचा गंज खरवडला होता. बुडाला काळ्या रंगाचा शेवटचा हात मारून ते गाडीखालून राजासारखे बाहेर आले.

"कलेक्टरची गाडीबी अशी न्हाई!"

नजर लागेल म्हणून आईनं मीठ-मोहरी ओवाळली आणि चुलीत टाकायची सोडून गाडीखालीच भिरकावली. ओल्या रंगाला मीठ चिकटलं.

"येडे, मिठानंच लोखंड गंजतंय! पाणी आण!"

आई हंड्यापुढं आडवी झाली. "सकाळधरनं हापशावर उभी होते. लेकरांनी प्यावं का तुमच्या गाडीनं?"

अप्पांनी हंडा हिसकावून गाडीखाली रिकामा केला. आई तो घेऊन भर उन्हात पुन्हा हापशाकडं निघाली.

अप्पा पुढं हा किस्सा आईच्या येडेपणाचा म्हणून सांगायचे. पाहुणे खो-खो हसायचे. माझं डोकं अजून भडकतं. त्या दुपारी आम्ही काय प्यायलो, हे एकानंही विचारलं नाही.