ढब्बीचा जिना

माझे सासरे जिने बनवायचे. चाळीस वर्षं तेच काम. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, सासूबाई होत्या तेव्हा त्याही म्हणायच्या. कुणाकडे गेले की आधी जिना बघणार, मग माणसं. एखादी पायरी अर्ध्या बोटानं उंच निघाली की यजमानांची धडगत नसे. मला सून म्हणून पसंत केलं तेव्हा त्यांनी काय पाहिलं देव जाणे. बहुतेक मी जिना धडधड न करता उतरले असेन.

आमच्याकडे एक गिनी पिग आहे, ढब्बी. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची. पिंजरा दुमजली, मधे तारेच्या जाळीचा उतार. तो उतरताना ढब्बीचा पाय जाळीत अडकला आणि नख निघालं. पाय बरा झाला, पण बाईसाहेब उतारावर पाऊल ठेवीनात. दिवसभर खालच्या कोपऱ्यात बसून. डॉक्टर म्हणाले, अशी बसून राहिली तर तळपाय चिघळतील. एकमजली, ऐसपैस पिंजरा घ्या. तसला पिंजरा आमच्या दोन खोल्यांत आणला असता तर आम्हालाच बाहेर झोपावं लागलं असतं. डॉक्टरांकडच्या मदतनीस बाईंच्या घरी तसा पिंजरा होता. मी ठरवून टाकलं, रविवारी त्या बाई ढब्बीला घेऊन जातील. मुलीनं माझ्याशी बोलणं टाकलं. माझं चुकलं नव्हतं, तरी ढब्बीला मी रोज काकडीचे दोन काप जास्त घालू लागले.

"रविवारपर्यंत थांब," सासरे म्हणाले. "मी जिना करतो."

"जिना नको बाबा, साधा उतार करा."

"उतार गोण्यांना लागतो. ढब्बी काय गोणी आहे?"

वजनानं होतीच.

त्यांनी दोऱ्यानं ढब्बीच्या पायांचं माप घेतलं. सागवानाच्या अकरा पायऱ्या केल्या, प्रत्येकीची कड गोल. दृष्ट लागावी असा जिना! ढब्बीनं पहिली पायरी हुंगली, दुसरीवर तिचं पोट अडकलं. आखूड पाय आणि लोंबतं पोट, ती तरी काय करणार? ती मागं फिरली आणि गवतात तोंड खुपसून बसली.

शुक्रवारी सासऱ्यांनी निमूट फळी तासली आणि उतार केला. पण हाताची सवय जाते कुठे? पॉलिश पेपरनं घासून घासून फळी आरशासारखी केली. ढब्बी चार पावलं चढली आणि बसल्या बसल्या घसरत खाली आली. मला हसू फुटलं. मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं की ते गिळावं लागलं.

शनिवारी सकाळी सासरे पिंजऱ्यासमोर जमिनीवर आडवे झाले, गाल फरशीला लावून. गुडघा धड वाकत नाही, तरी. बराच वेळ हलेनात. मला वाटलं, डुलकी लागली.

"इथून दोन्हीकडे नुसता कडाच दिसतोय," ते म्हणाले. "मीसुद्धा चढलो नसतो. जन्मभर गिऱ्हाइकाला विचारून काम केलं आणि हिला विचारलंच नाही."

मग नवा उतार झाला, लांब आणि सावकाश चढणारा. मधे वळणावर टेकायला टप्पा, दोन्ही बाजूंना चार बोटं उंच भिंती. टॉवेलच्या धाग्यांत नख अडकेल म्हणून वर माझ्या हिवाळी जॅकेटचं मऊ अस्तर, अर्थात मला न विचारता. सगळ्या कडांवरून त्यांनी स्वतःचं मनगट फिरवून पाहिलं, कुठे टोचत नाही ना.

रविवारी डॉक्टरांकडच्या बाई ढब्बीला न्यायला टोपली घेऊन आल्या. वरच्या मजल्यावर काकडी ठेवली होती. सासरे पुन्हा आडवे, शेजारी मुलगी पालथी. ढब्बी उतारावर चढली आणि टप्प्यावर बसली. बाईंचा चहा संपेपर्यंत बसली. मग उठली आणि वर गेली. मुलगी टाळ्या पिटणार तोच सासऱ्यांनी हात वर केला.

"थांब. चढायला काय, काकडीसाठी कुणीही चढेल. जिना कळतो तो उतरताना. तिचा पाय अडकला तोही उतरतानाच."

काकडी संपली. ढब्बी कडेशी आली, खाली पाहिलं आणि मागं सरली. तिला घालवायला निघालेली मी, मीच मनात म्हणत होते, ये गं बाई, ये एकदाची.

तिनं एक पाय ठेवला. मग दुसरा. वळणावर थांबली नाही. खाली पोचली आणि खुशीत जागच्या जागी टुणकन उडाली.

मी टोपली रिकामीच बाईंच्या हातात दिली. त्या हसत गेल्या.

सासऱ्यांचा गुडघा आखडला होता, त्यांना उठता येईना. मुलीनं त्यांचा एक हात धरून ओढून पाहिलं, पण ते जागचे हलले नाहीत. मग तिनं मान वर केली.

"आई, बघतेस काय? दुसरा हात धर ना."