मोघे मॅडमनी काढून टाकलेली स्लाइड

मोघे मॅडमची लॅब माझ्यामुळे बंद झाली.

आज सकाळी त्या गेल्या. म्हणून हे लिहितेय.

ग्वाल्हेरच्या आमच्या कॉलेजात तेव्हा झूलॉजी आणि बायोकेमिस्ट्री एकत्र करत होते. कोणाची लॅब ठेवायची, ते एक समिती ठरवणार होती.
मॅडमची सगळी भिस्त त्यांच्या एका जुन्या पेपरवर.

पेशीत एक प्रोटीन सूज वाढवणारे जीन चालू करतं. दुसरं प्रोटीन त्याला केंद्रकाबाहेर अडवून धरतं. इशारा मिळाला की अडवणारं तुटतं आणि पहिलं आत शिरतं.
मॅडमचा दावा होता, एका झाडाच्या सालीचा अर्क दिला की अडवणारं तुटतच नाही.

इशारा दिल्यावर त्यांनी अर्ध्या तासानंतर पाहिलं होतं. मी त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. मी दहाव्या मिनिटाला पाहिलं.

तुटलेलं होतं. पूर्ण.
अर्कामुळे ते फक्त लवकर पुन्हा बनत होतं, म्हणून अर्ध्या तासाने शाबूत दिसायचं.

नव्या विभागाचे होणारे हेड मला म्हणाले होते, "अभी मत बताओ, मीटिंग हो जाने दो." घरी, नई सडकवर, आईचंही तेच मत.

समितीच्या दिवशी सकाळी मी माझ्या प्रयोगाची, प्रोटीनचे पट्टे उमटलेली फिल्म मॅडमसमोर ठेवली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ.

"किती वेळा केलंस?"

"तीनदा, मॅडम."

 त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. जुन्या दाव्याची स्लाइड काढून टाकली, माझी फिल्म स्कॅन करून तिथे लावली.

समितीसमोर त्या म्हणाल्या, "माझा निष्कर्ष चुकला होता. हिने बरोबर शोधलंय."



लॅब गेली. खोली, फ्रीज, सगळं दुसऱ्या ग्रुपला मिळालं.

आठ दिवस मॅडमनी माझा फोन उचलला नाही. माझा थीसिस बुडालाच, असं मी धरून चालले होते.

नवव्या दिवशी दर्पण कॉलनीत त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. डोळे सुजलेले.

"तुझा राग नाही गं," त्या म्हणाल्या. "पण राग आहे. बस."

त्यांच्या डायनिंग टेबलवर बसून आम्ही जर्नलला दुरुस्ती पाठवली. माझं नाव त्यांनी पहिलं टाकलं. थीसिसही तिथेच पुरा झाला.

त्या दिवशी मी माफी मागायची ठरवून गेले होते. नंतरही कितीदा ठरवलं. दर वेळी त्या विषय बदलायच्या.

मॅडम, शेवटचा नमस्कार.