वडिलांच्या नावाचा गहू

अबुधाबीच्या आमच्या ऑफिसात लंचला एका टेबलावर आम्ही चौघं असायचो. ड्रॉइंग्ज करणारी सर्बियाची एक मुलगी, कोसोवोचा अल्बेनियन साइट इंजिनिअर, क्रोएशियाचे आमचे मॅनेजर आणि मी. ते तिघं इंग्लिशमध्ये वाद घालायचे, मी डबा खायचे.

"हिची भाषा मला पूर्ण कळते, म्हणून हिच्याशी भांडता येतं," मॅनेजर म्हणायचे. "याच्या भाषेतलं अक्षर कळत नाही. याच्याशी काय भांडणार?"

इतिहास प्रत्येकाचा वेगळ्या ठिकाणी सुरू व्हायचा. तिचा, सहाशे वर्षांपूर्वी कोसोवोत तुर्कांशी झालेल्या लढाईपासून: तिथे आमचे मठ आहेत, आमची माणसं पडलीत. तो विचारायचा, "आणि त्याआधी तिथे कोण होतं? आम्हीच ना?" मॅनेजरांच्या लोकांनी दुसऱ्या महायुद्धात सर्बांना छावण्यांत मारलं होतं, मॅनेजरांच्या लहानपणी सर्बांच्या तोफांनी त्यांचं गाव पाडलं होतं. या दोन गोष्टी ते कधी एका दमात सांगायचे नाहीत. "खलास, जेवा आता," म्हणायचे.

ती आणि तो लग्न करणार होते. हे फक्त मला माहीत होतं. "तू कुणाशी बोलतच नाहीस, म्हणून सांगितलं," ती म्हणाली होती.

"मी आईला सांगितलंय, मुलगी युरोपची आहे," तो म्हणाला.

"भित्रा!" ती हसत सुटली.

तिचे वडील ती लहान असताना सर्ब-अल्बेनियनांच्या कोसोवो युद्धात मारले गेले, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याचा मोठा भाऊ त्याच युद्धात गेला, एवढंच तिला. पुढचं कुणी विचारत नव्हतं.

मग एका शुक्रवारी तिच्या वडिलांचा स्मृतिदिन आला. सर्बांच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने गहू उकडतात, साखर-अक्रोड घालतात आणि प्रत्येकाने एक चमचा खायचा असतो. तिने भांड्याशेजारी वडिलांचा फोटो ठेवला. लग्नाआधी त्याने तो बघायलाच हवा, असं ती मला सकाळी म्हणाली होती. फोटोत सर्बियन पोलिसांचा गणवेश होता.

मी खाल्लं. मॅनेजरांनी खाल्लं. तो मात्र फोटो बघत राहिला.

"कुठे होते ड्यूटीला?"

तिने गावाचं नाव सांगितलं.

"आमच्या शेजारचं." मग त्याने पहिल्यांदाच भावाचं सांगितलं: सर्बियाने अल्बेनियन भाषेच्या शाळा बंद केल्यावर वर्ग लोकांच्या घरात भरायचे, भाऊ त्याला हात धरून तिथे न्यायचा. त्या भावाला याच गणवेशातली माणसं घरातून घेऊन गेली होती.

"तेच असतील असं नाही," ती म्हणाली.

"नसतीलही."

"मग एक चमचा. माझ्यासाठी."

"तुझ्या नावाचा नाहीये तो."

आमच्याकडे पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे खोळंबतात. मी तशीच खोळंबले. त्याने चमचा उलटा करून ठेवला आणि उठला.

दुपारी त्याने मॅनेजरांकडे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या साइटवर बदली मागितली. पॅन्ट्रीत तिने उरलेला गहू माझ्या डब्यात भरला. "आता नाही होणार ते," एवढंच म्हणाली. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता. ठेवला नाही.

संध्याकाळी शारजात रोल्लाला घरी गेले. आईने डबा उघडून चमचाभर तोंडात टाकला.

"छान गोड आहे गं. कुणाचं लग्न ठरलं की काय?"

"नो, आई," म्हटलं आणि डबा तिच्या हातातून घेतला.