येते आणि जाते

आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्याने 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. मराठी घरात हे कुणी मुद्दाम शिकवत नाही, बोलता बोलता येतं. आमच्या पोरीची ही सवय मात्र मोडली, आणि ती मोडायला तिला रीतसर शिकवलं गेलं.

सहाव्या वर्षी तिला रक्ताचा कर्करोग निघाला. पुढची अडीच वर्षं ती आणि तिची आई नागपुरातल्या एका हॉस्पिटलात, आणि मी इतवारीतलं भांड्यांचं दुकान आणि त्यांचा डबा यांच्यामध्ये. तिथल्या वॉर्डात एक आया होती. पहिल्यांदा सुट्टी मिळाली तेव्हा पोरीने तिला हात हलवून सांगितलं, "येते, मावशी."

आया हातातली बादली टाकून धावत आली. "इथून येते नाही म्हणाचं वं! जाते म्हण. इथं परत कशाले याचं?"

तेव्हापासून पोर वॉर्डातून निघताना ठणकावून 'जाते' म्हणायची. तरी दर फेरीला परत जावं लागलंच, कारण औषधांचं वेळापत्रक आयाला विचारून केलेलं नव्हतं.

उपचार संपले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सध्या छान आहे." मी 'छान' ऐकलं, बायकोने 'सध्या' ऐकलं. दर काही महिन्यांनी तपासणीला जायचं होतं. घरात पुढच्या दिवाळीचं बोलणं बंद झालं. धरमपेठेत फ्रॉक घ्यायला गेलो तर बायकोने अगदी मापाचा घेतला, वाढत्या अंगाचा नाही.

मग एका संस्थेच्या बाई घरी आल्या. आजारातून उठलेल्या मुलांची एक इच्छा ते पुरी करतात, घरच्यांसकट. मला फुकटचं घ्यायला आवडत नाही. त्यातून 'इच्छा पुरी करणे' हे ऐकलं की फाशीच्या कैद्याची आठवण होते, आणि तसं मी बोलूनही गेलो. बाईंनी चहा संपवला आणि माझ्याकडे न बघता पोरीला विचारलं, तुला काय हवं?

पोरीने समुद्र मागितला. नागपूरकराने मागावी अशीच वस्तू; आमच्यापासून तो कुठल्याही दिशेने लांबच.

"समुद्रच काहून वं?" मी विचारलं.

"तो कुठं संपते ते पाहाचं आहे मले."

निघायच्या दिवशी ऑटो दारात उभा होता. परतल्यावर चौथ्या दिवशी तपासणी होती, ते आम्ही दोघंही जाणून होतो आणि बोलत नव्हतो. पोर चपला घालून उड्या मारत शेजारच्या दाराशी गेली आणि ओरडली, "काकू, जाते!"

बायकोने हातातली पिशवी खाली ठेवली. "आता नाही जायचं," ती म्हणाली.

"दवाखान्याची सवय आहे तिची ती," मी भडकलो. "अपशकुन कसला त्यात?"

"तुमाले काय समजते? डॉक्टर सध्या म्हणाले होते."

शेवटी सगळ्यांना परत आत बसवलं, पाणी पाजलं, पोरीच्या हातावर साखर ठेवून तिच्याकडून तीनदा 'येते' म्हणवून घेतलं. गाडी कशीबशी मिळाली. त्यानंतर पोर रस्ताभर फार बोलली नाही. मला बायकोचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर ते तीन 'येते' मीही मोजले होते.

कोकणातल्या किनाऱ्यावर पोर बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "हा तं कुठंच संपून नाही राहिला!" दोन दिवस ती पाण्यातून बाहेर निघाली नाही. बायको टॉवेल आणि उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन वाळूत बसलेली असे. पाण्यात तिने पाय घातला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत निघायचं होतं. पोर गुडघाभर पाण्यात उभी होती. मी हाक मारली तशी ती दोन पावलं आली, थांबली, आणि आईकडे बघून तिने भीत भीत विचारलं, "आई, समुद्राले काय म्हणू? येते का जाते?"

दारातल्या त्या एका शब्दापासून पोर मनातून घाबरलेलीच होती, हे मला तेव्हा कळलं.

बायको उठली. साडीसकट पाण्यात गेली आणि पोरीचा हात धरला.

"येते म्हण," ती म्हणाली. "म्हण, पुढच्या साली येते."

पोरीने ते समुद्राला मोठ्याने सांगितलं. आमच्या घरात 'पुढच्या साली' हे शब्द कितीतरी दिवसांनी कुणीतरी उच्चारले होते. मला रडू आलं. मी वाकून वाळूतल्या तिघांच्या चपला गोळा करू लागलो.