बिनऔषधाची बाटली

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतली ती केस निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडत नाही. तिथल्या एका गाळ्यात नारळाच्या दुधाचा, कोंडा घालवणारा शाम्पू बनायचा. तो वापरून एका शिक्षिकेच्या डोळ्याला जंतुसंसर्ग झाला. डोळा जायची वेळ आली. तेवढ्यात आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, "मालकाने माल टिकवायचं औषध मुद्दाम गाळलंय."

मी तापट माणूस. मालकाला उचलून आणला आणि दोन तास फैलावर घेतला. बिचारा रडकुंडीला आला, पण "मी औषध मिसळायला दिलं होतं" हे एकच पालुपद. खोटं बोलणारा दर खेपेला काहीतरी बदलतो. हा बदलत नव्हता. पंचनामा करताना गाळ्यात त्या औषधाचा कॅन सीलबंदच सापडला. मग मिश्रण करणाऱ्या मावशीला महिला हवालदारासमोर विचारलं.

"कोंड्याचं औषध घातलं. दुसरं नाय घातलं," ती सरळ म्हणाली. "त्या मालातली एक बाटली माज्या लेकीला मुंबयला पाठवायची होती. औषध मारून पिकवलेला आंबा आपण घरच्या माणसाला देतो काय, साहेब?"

घ्या! मी कटकारस्थान शोधत बसलो होतो. आवाज खाली आणून तिला समजावलं, "मावशी, शाम्पूत पाणी असतं. हे औषध नसलं की त्यात जंतू वाढतात. त्या बाईंचा डोळा त्यानेच बिघडलाय."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "फोन लावा, साहेब. आधी माज्या लेकीला फोन लावा!"

स्पीकरवर लेक हसली. "न्हायलेच नाय गो आई. नुसतं बूच उघडून वास घेते. वापरली तर घरचा वास संपेल ना!"

मावशी ओक्साबोक्शी रडली. मी जबाब नोंदवला, गुन्हाही दाखल केला. शिक्षिकेला त्या डोळ्याने पुढेही अंधुकच दिसत राहिलं, ते कशानेच भरून येणारं नव्हतं. पण गुन्ह्यामागे लोभ नाहीतर सूडच असतो, हा माझा इतक्या वर्षांचा समज त्या दिवशी मोडला. तिथे नुसती माया होती, आणि तीच आंधळी झाली होती.

माझीही लेक लांब, परदेशात असते. तिच्यासाठी जीव तुटायचा, पण कामाशिवाय मी तिला कधी फोन केला नव्हता. त्या दुपारी ठाण्याच्या आवारातूनच लावला.

"बाबा?" तिचा आवाज कापत होता. "कोण गेलं?"