खारीतून परत आणलेली मशीन

कोर्टाचा बेलिफ सामान जप्त करायला येणार हे कळल्यावर आईने सगळ्यात आधी भांडी हलवली, मग गाद्या, आणि शेवटी तिची शिलाई मशीन.

आम्ही तेव्हा भाईंदर पूर्वेला एका खोलीत राहायचो. बाबा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे. त्यांनी तिथल्या एका मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. मित्र गावी गेला तो परत आलाच नाही. मग कोर्टाचे कागद आले, ते बाबांनी न उघडता देवाच्या फोटोमागे ठेवले. कोर्टाची पायरी चढली की माणूस गुन्हेगार ठरतो, अशी त्यांची समजूत होती. तारखेला आमच्याकडून कोणी गेलंच नाही, आणि निकाल आमच्याविरुद्ध लागला.

आईने लहानपणी रत्नागिरीकडे एक जप्ती पाहिली होती. तिथे म्हणे चुलीवरचा भाताचा टोपसुद्धा उचलला होता. खरंच तसं झालं होतं का, मला माहीत नाही. पण त्या आठवणीपायी आम्ही दोन आठवडे एकाच टोपात आधी भात आणि मग आमटी करत होतो. मशीन खारी गावात एका काकींच्या पडवीत होती. काकींचं घर पूर्वीचं मिठागरवाल्यांचं, आणि त्या आईच्या जुन्या गिऱ्हाईक. नवरात्र तोंडावर आलं होतं आणि आई ब्लाउज शिवून घ्यायला आलेल्या बायकांना 'मशीन दुरुस्तीला दिलीय' सांगून परत पाठवत होती. बाबांच्या पगारात घरभाडं भागायचं. जेवण आणि माझी फी मशीनवर चालायची.

मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. इंग्रजी कागद आला की सगळे माझ्याकडे बघायचे. मला अर्धंच कळायचं, तरी मी मान हलवायचे. या वेळी मात्र मान हलवून भागणार नव्हतं. मी लायब्ररीत गेले आणि घाबरत मॅडमना विचारलं, "जप्तीवर काही आहे का?"

"कोणत्या विषयाला?"

"अभ्यासाला," मी म्हटलं. खोटंच होतं ते.

त्यांनी दिवाणी कायद्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. तासभर मला त्यातलं काहीच कळलं नाही. मग एका कलमात अचानक ओळखीच्या वस्तू दिसायला लागल्या. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, रिवाजाप्रमाणे बाईला उतरवता येत नाहीत ते दागिने, कारागिराची हत्यारं. हे काहीही जप्त करता येत नाही! मी ती ओळ पाच वेळा वाचली. कुठे आणखी एक 'नाही' वाचायचं राहिलं तर नाही ना, म्हणून सहाव्यांदा. मग ती मराठीत वहीच्या शेवटच्या पानावर उतरवली आणि घरापर्यंत जवळजवळ पळत आले.

"आई, मशीन नेता येत नाही! भांडी नाही, गाद्या नाही, मंगळसूत्र नाही! कारागिराची हत्यारं आहेत ती!"

"मी कुठली आलेय कारागीर?" आई म्हणाली.

"मग ब्लाउज काय जादूने शिवतेस?"

बाबा हसले, खूप दिवसांनी. पण लगेच म्हणाले, "पुस्तकात असेल गो बाय. त्या बेलिफाने वाचलंय का ते पुस्तक?"

म्हणून मी हट्टाने दोघांना केबिन रोडवर एका वकीलबाईंकडे नेलं. साडीच्या दुकानाच्या वर त्यांची छोटी खोली होती. बाबा बसायलाच तयार होईनात. "आता दिवाळखोर म्हणून माझं नाव पेपरात येणार का?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"बसा हो काका. नादारीचा अर्ज असतो, पण तो सगळे रस्ते बंद झाल्यावर. तुम्ही कमावताय. आपण कोर्टाकडे हप्ते मागू." मग त्यांनी माझी वही वाचली. "बरोबर वाचलंस," त्या म्हणाल्या. "पण त्याच्याही आधी सांग, मशीन कोणाची? ताई, जामिनावर तुमची सही आहे?"

"नाही."

"मशीन कोणाच्या पैशाने घेतली?"

"माझ्याच. ब्लाउज शिवून शिवून घेतली. पावती आहे माझ्या नावाची."

"मग नवऱ्याच्या कर्जात ती जाईलच कशी? आणि आपलीच वस्तू लपवलीत कशाला? उलट संशय येईल. आजच घरी आणा. बेलिफाला दाखवायला मी पत्र देते, आणि हप्त्यांचा अर्जही करते."

मला हे सुचलंच नव्हतं. मी एवढं जाड पुस्तक वाचलं आणि पावती आमच्याच ट्रंकेत होती! तरी आनंद काही कमी झाला नाही. आम्ही तिथूनच खारीला गेलो.

"ने बाई ने," काकी म्हणाल्या. "तुझी मशीन माझ्या घरात पाटलीन झाली हाय. नुसती बसून हाय, काम न्हाय."

हातगाडी मिळाली. बाबा गल्लीगल्लीतून नेऊ म्हणत होते. आई म्हणाली, "केबिन रोडवरूनच न्यायची." आणि भर बाजारातून, मशीनवर हात ठेवून, ती गाडीबरोबर चालली. ओळखीच्या बायका विचारत होत्या, झाली का दुरुस्त? ती प्रत्येकीला सांगत होती, "झाली, झाली. उद्या या."

चार दिवसांनी बेलिफ आला. आई शिवत होती. तिचे पाय थांबले नाहीत, फक्त एका हाताने तिने पावती पुढे केली. त्याने पावती वाचली, मशीनकडे पाहिलं, वकीलबाईंचं पत्र पाहिलं.

"ही तुमची?"

"माझी," आई म्हणाली.

त्याने कागदावर फक्त टीव्ही लिहिला. टीव्ही उचलताना बाबाच पुढे झाले. "नीट धरा हो, पडेल."

टीव्हीच्या जागेवर भिंतीचा चौकोन नवीन रंगाचा दिसत होता. त्याच्याकडे बघायला आम्हाला वेळच नव्हता, कारण दारात ब्लाउजपीस घेऊन खारीच्या काकी उभ्या होत्या.

"घटस्थापनेला पायजे," त्या आईला म्हणाल्या. "आता दुरुस्तीचं कारण चालायचं न्हाय."