शिशाच्या शिपायाची खाकी

त्या वर्षी आमच्या घरात सगळेच हळू बोलत. ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं होतं आणि संस्थानची फौज भारतीय सैन्यात जाणार होती, पण सगळे घेतले जाणार नव्हते. वडील फौजेत सुभेदार होते. त्यांना बोर्डासमोर पेश व्हायचं होतं. बोर्ड म्हणजे तीन परके अधिकारी आणि एक डॉक्टर, एवढंच मला ठाऊक होतं. मी चौदा वर्षांची होते.

त्याच सुमारास बाडा चौकाजवळच्या टॉकीजमध्ये लढाईचा एक जुना इंग्रजी चित्रपट लागला आणि वडील मला घेऊन गेले. त्यात डोक्याला पट्टी बांधलेला एक शिपाई खंदकात बसून, बंदूक मांडीवर आडवी ठेवून, नुसता समोर बघत असतो. तो माझ्या मनातून जाईना. पुढच्या आठवड्यात नई सडकेवर जुन्या सामानाच्या दुकानात तसाच बसलेला शिशाचा शिपाई मिळाला. बोटभर उंच, रंग उडालेला. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं डब्यांच्या झाकणांत थोडे थोडे तेलरंग दिले. “बिटिया, रंग कम लेना, ब्रश सूखा-सा रखना,” म्हणाला.

चित्रपट काळा-पांढरा. खाकी जमेना. पिवळ्यात काळा घातला की शेवाळ्यासारखा व्हायचा, लाल घातला की चिखल. शेवटी बोर्डाच्या आदल्या दुपारी, आई देवळात गेलेली असताना, मी वडिलांचा इस्त्री केलेला कोट खिडकीपाशी पसरला आणि बाहीशेजारी शिपाई ठेवून रंग कालवला. जमला. हुबेहूब जमला. मग पट्टीवर रक्ताचा ठिपका द्यायला ब्रश लाल रंगात बुडवला, आणि पेंटरचं सांगणं विसरले.

थेंब बाहीवर पडला.

पुसला तर पसरला. टर्पेंटाइन लावलं तर फिका होऊन बोराएवढा झाला. उद्या दहा वाजता हाच कोट घालून वडील उभे राहणार. अधिकारी विचारणार, हे रक्त कसलं? वडिलांना काढणार, आम्हाला फौजेचं क्वार्टर सोडावं लागणार. सगळं माझ्यामुळे.

वडील पडवीत बूट पॉलिश करत होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. म्हटलं, “दादा, तुमच्या कोटावर माझ्याकडून रंग सांडला.”

ते बूट घासतच राहिले. मी पुन्हा सांगितलं. मान वर नाही. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रडत एक पाऊल पुढे झाले, तशी माझी सावली बुटावर पडली आणि ते दचकले. ब्रश हातातून सुटला.

“केव्हा आलीस?”

“मी दोनदा सांगितलं तुम्हाला.”

ते माझ्याकडे बघत राहिले. घाबरलेला माणूस कसा दिसतो ते मला त्या दिवशी कळलं.

“या कानानं ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “लढाईवरून आलो तेव्हापासून. आईला सांगू नकोस.”

मी कोट आणून दाखवला, पण डागाकडे त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टर कान असाच तपासतात म्हणाले, मला आपल्या मागे उभं केलं आणि हळू आवाजात आकडे म्हणायला सांगितले. किंचित मान वळवून ते उजव्या कानानं पकडायचे.

“बावीस.”

“बावीस.”

“सात.”

“साठ.”

मी गप्प झाले की त्यांना चूक कळायची. दिवेलागणीपर्यंत आम्ही तेच केलं. शिपायाची पट्टी पांढरीच राहिली. लाल रंगाला पुन्हा हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ते दुपारी परतले. आई दारातच होती.

“डॉक्टरनं उजव्या कानात बोट घालायला सांगितलं,” ते म्हणाले आणि खाटेवर बसले.

कुठला कान, कशासाठी, हे आईनं विचारलं नाही. “मला माहीत होतं,” एवढंच म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

वडिलांना पेन्शन देऊन घरी बसवलं. क्वार्टर सोडून आम्ही बिर्लानगरमध्ये दोन खोल्यांत आलो. तिथल्या एका गिरणीच्या फाटकावर त्यांना काम मिळालं. आई म्हणायची, भीती गेली एकदाची. माझी गेली नाही. ते सकाळी सायकलवरून निघाले, की मागून टांगा तर येत नाही ना, हे मी ते वळणाआड जाईपर्यंत रस्त्यावर उभी राहून बघत असे.